दहा गोळ्यांचा खोटा वेग

मी, व्हिन्सेंट बस्त्याव तुस्कानो, वय एकसष्ट, धर्म ख्रिस्ती, मूळ गाव भुईगाव, तालुका वसई, सध्या मुक्काम शारजा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने निळ्या शाईत लिहून ठेवत आहे. माझं डोकं शाबूत आहे, पोट नाही. पोटात काय झालंय ते डॉक्टर हुमेरांनी जुलैमध्ये सांगितलं. परवा त्या म्हणाल्या, "अंकल, इन्शाल्ला क्रिसमस आप घर पे मनाएंगे." ईस्टरचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीला पाडलेलं नाही. दुखण्याची गोळीसुद्धा आजचं लिखाण संपल्यावर घेणार आहे, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारा औषधाच्या गुंगीत काहीबाही खरडून गेला.

इथल्या बँकेतल्या ठेवींसाठी इंग्रजी-अरबी कागद वेगळा केला आहे. तो टायपिंग सेंटरच्या फाइलमध्ये आहे. एकसष्ट हजार दिरहम, म्हणजे आपले साडेचौदा लाख, ते सगळे माझी पत्नी नोरा हिचे. हे मृत्युपत्र वसईतल्या मिळकतीचं, घरातल्या वस्तूंचं आणि आणखी एका गोष्टीचं आहे. मराठीत का, तर गावच्या जमिनीचे कागद मराठीत बरे, असं मी नोराला सांगितलं. खरं कारण कलम सहामध्ये लिहिलं आहे.

कलम १. भुईगावचं घर, तळमजला अधिक एक, विहिरीतल्या अर्ध्या हिश्श्यासह, माझ्या हयातीनंतर नोराचं आणि तिच्यानंतर आमची मुलगी कॅरल हिचं. हे घर मी रुवैसच्या रिफायनरीतल्या चौदा वर्षांच्या पगारातून बांधलं आणि त्यात फार तर चार महिने झोपलो असेन, तेही सुट्ट्यासुट्ट्यांनी. नोरा, भाड्याने दे, विक, काय वाटेल ते कर, पण कुलूप लावून ठेवू नकोस. आमच्या गल्फवाल्यांची ती कुलूपबंद घरं, वर निळ्या टाक्या, गेटवर मुलांची नावं आणि आत पाल, बघून बघून मला वीट आलाय.

कलम २. माझा धाकटा भाऊ व्हिवियन याने आई गेल्यावरच्या महिन्याच्या मिस्साच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, दिवशी, आम्ही सगळे चर्चमध्ये असताना, मधलं कुंपण दोन फूट माझ्या बाजूला सरकवलं. हे मला माहीत आहे, त्याला माहीत आहे आणि गवंड्यालाही माहीत आहे. अकरा वर्षं मी त्याच्याशी "बरं आहे ना?" ह्यापलीकडे बोललो नाही. ते दोन फूट आता त्याला लखलाभ. नोराने त्यावरून वाद घालू नये.

माझं शरीर वसईला न्यायचं की इथेच ठेवायचं ते नोराने ठरवावं. कार्गोत जायला माझी हरकत नाही. जन्मभर सामान कार्गोनेच पाठवत आलो. पेटीवर फुलांचा खर्च करू नये.

कलम ३. हत्यारं. रुवैसच्या रिफायनरीत मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. दाब, ताप, प्रवाह मोजणारी मीटरं तपासायची आणि खोटं बोलत असतील तर ठिकाणावर आणायची, हे काम. पहिल्याच आठवड्यात आमच्या मल्याळी सुपरवायझरने माझी वही बघितली, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ये तुमने देखा, या सोचा?" मी म्हटलं, सर, इतनाच आना चाहिए था. त्याने पान टराटरा फाडलं. "जो दिखता है वो लिखो. जो होना चाहिए वो मत लिखो. यहाँ आदमी मरता है." मी पंचवीस वर्षं ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला मोठ्या ऐटीत सांगत आलो.

माझा टॉर्क पाना आणि दाब तपासायचे सहा गेज शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या टायरवाल्या तहसीनला द्यावेत. तहसीन हा हमदुल्लाचा पुतण्या, आणि हमदुल्ला कोण ते पुढे येतं. सहा वर्षं तहसीन मला "चचा, चचा" करत माझ्या गाडीची हवा फुकट भरतो. त्याला काही माहीत नाही.

कलम ४. कपाटावरच्या लाल डब्यात क्रोनोग्राफ नावाचं यंत्र आहे. रुवैस सोडल्यावर मी धैद रस्त्यावरच्या अल सदफ शूटिंग क्लबमध्ये लागलो, तिथलं हे यंत्र. क्लबने टाकून दिलं, मी उचलून आणलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रायफलच्या तोंडापासून चार पावलांवर हे तिकाटण्यावर उभं करतात. त्याला दोन डोळे असतात आणि डोळ्यांवर पांढऱ्या प्लास्टिकच्या छत्र्या. गोळी वरून जाते, तिची सावली आधी एका डोळ्यावर पडते, मग दुसऱ्यावर, आणि मधल्या वेळावरून यंत्र गोळीचा वेग सांगतं. सेकंदाला इतके फूट. बस, एवढंच. हातभर लांबीची साधी पेटी आहे, पण तिच्याशिवाय काडतूस भरणारा माणूस आंधळा.

क्लबच्या परवान्यावर माझं काम तेच होतं. नेमबाजांनी उडवलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, मापात आणायच्या, नवी टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारा प्रायमर, बसवायची, बारीक काट्यावर दारू तोलून भरायची आणि वर गोळी बसवायची. मग त्यातली दहा काडतुसं उडवून क्रोनोग्राफवर वेग बघायचा. वेग ठरलेल्या रेषेत असेल तर बाकीची पेटी नेमबाजाच्या हातात द्यायची. वेग रेषेच्या वर गेला तर आत दाब जास्त, आणि रायफल फुटू शकते. हे यंत्र कोणाला विकू नये. त्याचं काय करायचं ते कॅरल ठरवेल.

कलम ५. कॅरल, वय पंचवीस, माझं एकुलतं एक लेकरू. नोराच्या पश्चात सगळं तिचं. ती रुवैसला जन्मली आणि शारजात वाढली. मराठी बोललेलं कळतं, पण वाचता येत नाही. शाळेत हिंदीऐवजी फ्रेंच घेतलं, आणि घरी शिकवायला मी सुट्टीच्या दिवशी पण क्लबवर. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा कारभार.

स्टाफच्या मुलांना क्लबची मेंबरशिप फुकट होती. तेरा वर्षांची असताना तिने पहिली रायफल हातात घेतली. पोर अंगाने काडी, पण जमिनीवर आडवी झाली की दगड. सोळाव्या वर्षी मोठ्या बाप्यांना मागे टाकायला लागली. तिच्यासाठी काडतुसं फक्त मी भरायचो, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचो नाही. "पप्पाज राउंड्स" असं डब्यावर मार्करने लिहायची. रेंजवर लक्ष्यं लावणारा, पेट्या वाहणारा, साफसफाई बघणारा हमदुल्ला नावाचा पठाण होता, सरहद्दीपलीकडच्या मर्दानचा, माझ्याच वयाचा. तो तिला थर्मासमधला हिरवा चहा पाजायचा आणि प्रत्येक फैरीनंतर दुर्बिणीतून बघून ओरडायचा, "शाबाश, बच्चा!" तिचं नाव त्याने कधी घेतलं नाही. बच्चा म्हणजे कॅरल.

बावीस मार्च दोन हजार एकोणीस, शुक्रवार, दुपारी अडीच वाजता स्पर्धेत तिची रायफल मागच्या बाजूने फुटली आणि तिचा उजवा डोळा गेला. एकोणीस वर्षांची होती. आज तिथे काचेचा डोळा आहे. दुबईला एका शिपिंग ऑफिसात काम करते, गाडीसुद्धा चालवते, कोणाकडून काडीची मदत घेत नाही. पण चहा ओतताना अजून कधीकधी धार कपाच्या बाहेर पडते. मग ती इकडेतिकडे न बघता फडकं घेते आणि पुसते. मी त्या वेळी खिडकीबाहेर बघतो.

कलम ६. हे कलम मालमत्तेचं नाही. हे माझ्या गुन्ह्याचं निवेदन आहे, आणि मी ते ख्रिस्ताला साक्षी ठेवून लिहितो.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, बुधवारी, दारूचा नवा डबा उघडला. कंपनी तीच, नाव तेच, पण कारखान्यातला घाणा, म्हणजे लॉट, वेगळा. नवा घाणा आला की माप कमी करून पुन्हा पहिल्यापासून वर चढत यायचं, हे काडतूस भरण्याच्या कोणत्याही पुस्तकात पहिल्या पानावर असतं. त्याला दोन दिवस लागतात. मॅनेजर सकाळपासून दारात, "यल्ला व्हिन्सेंट, यल्ला, खलास करो." पण त्याच्यावर ढकलत नाही. मी त्याला थांब म्हणू शकलो असतो. मी जुन्याच मापाने भरली आणि मनात म्हटलं, क्रोनोग्राफ आहे ना, सांगेल तो.

चार वाजता दहा काडतुसं उडवली. आकडा यायला हवा होता सव्वीसशे पन्नासच्या आसपास. पहिला आला सत्तावीसशे ऐंशी. दुसरा सत्तावीसशे नव्वद. तिसराही तसाच.

आता इथे आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. ह्या यंत्राचे डोळे उजेडावर चालतात. सूर्य कलला आणि ऊन छत्रीखाली तिरपं शिरलं की ते कधीकधी फसतं आणि भलताच आकडा दाखवतं. वाळवंटात हे रोजचं. म्हणून असा एखादा चुकार आकडा आला की मी त्यावर काट मारून शेजारी "ऊन" असं लिहायचो. क्लबमध्ये त्याची थट्टा व्हायची. कोणी उशिरा आला तरी म्हणायचे, व्हिन्सेंट, ऊन लिहा. पण फसलेला आकडा एखादा असतो. दहाच्या दहा आकडे एका सुरात वर जात नाहीत.

दहाच्या दहा गेले. मी म्हटलं, ऊन. छत्री जरा सरकवली, पुन्हा बघितलं, पुन्हा म्हटलं, ऊनच. वहीत दहा वेळा "ऊन" लिहिणं बरं दिसेना, म्हणून दहा ओळींत मला जे यायला हवं होतं ते लिहिलं. सव्वीसशे अठ्ठेचाळीस, सव्वीसशे त्रेपन्न, सव्वीसशे पन्नास. खरे वाटावेत म्हणून थोडे मागेपुढे केले. पेन्सिलीने.

इथपर्यंत कोणी चूक म्हणेल. पुढचं चूक नाही. रिकाम्या पुंगळ्या उचलताना तीन पुंगळ्यांच्या टोप्या मला चपट्या झालेल्या दिसल्या. दाब जास्त झाला की टोपी अशी दबते. ज्याने आयुष्यभर दाब मोजला त्याला हे कोणी सांगायला नको. मी त्या तीन पुंगळ्या हातात धरल्या, घड्याळ बघितलं आणि त्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मग माझ्या मुलीसाठी साठ काडतुसं त्याच मापाने भरली आणि डब्यावर तिचं नाव घातलं.

शुक्रवारी हमदुल्लाने तो डबा रेंजवर नेताना जुम्म्याच्या नमाजासाठी वाटेत गाडी थांबवली. चाळीस मिनिटं डबा उन्हात, बंद गाडीत. उन्हाने काडतूस तापतं, तापलं की दाब थोडा वाढतो, हे खरं. पण माझी हजारो काडतुसं त्याआधी जूनच्या उन्हात, त्याच गाडीत तापून निघाली होती आणि कधी काही झालं नव्हतं. थोडं उन्हाने वाढवलं, बाकी सगळं मी.

चौकशीला क्लबचे तिघे बसले. मला विचारलं, माप बरोबर होतं? मी वही पुढे केली. हमदुल्लाला विचारलं, डबा कुठे होता? तो उभा राहिला आणि म्हणाला, "गाड़ी में, साब. नमाज़ का टाइम था. ग़लती मेरा है." पाच मिनिटांत निकाल लागला. त्याचा व्हिसा रद्द झाला, बावीस वर्षांची नोकरी गेली. कॅरलने हॉस्पिटलमधूनच जबाब दिला. एक डोळा बांधलेला असताना तिने सही केली की डबा हमदुल्लाच्या ताब्यात होता.

जायच्या आदल्या दिवशी तो आमच्या घरी आला. हातात डाळिंबांची पिशवी. मी दार अर्धवट उघडलं. आतून कॅरल ओरडली, "इज दॅट हिम? टेल हिम टु गो!" त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण कळलं. म्हणाला, "व्हिन्सेंट भाई, एक बार देख लूं बच्चा को. फिर चला जाऊंगा." मी म्हटलं, "अभी नहीं, हमदुल्ला." त्याने पिशवी दाराशी ठेवली, दोन्ही हात जोडले, माझ्यापुढे, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेला. सात मजले. मी दार लावलं.

पुढच्याच आठवड्यात मी क्रोनोग्राफ घेऊन रेंजवर एकटा गेलो. कारखान्यातून सीलबंद आलेली काडतुसं, ज्यांचा वेग खोक्यावरच छापलेला असतो, ती दुपारी चार वाजता, त्याच जागी, त्याच तिरप्या उन्हात उडवली. खोक्यावरचा आकडा आणि यंत्राचा आकडा दहाही वेळा जुळले. यंत्र त्या बुधवारीही खरंच सांगत होतं. म्हणजे त्या दिवसापासून मला सगळं माहीत होतं, आणि तरी मी सहा वर्षं तोंड उघडलं नाही.

नोकरीची भीती होती का? पहिले चार दिवस. नंतर भीती एकच, कॅरलची. ती आंघोळीनंतर आरशात बघते तेव्हा तिथे हमदुल्ला दिसतो तोवर मी तिचा पप्पा आहे. एकदा कन्फेशनला बसलो. फादर म्हणाले, देवाकडे माफी आहे, पण आधी त्या माणसाकडे जा. तेव्हापासून मी कम्युनियनच्या रांगेत उभा राहिलो नाही. नोराला सांगितलं, गुडघे दुखतात.

हे निवेदन मी मराठीत लिहिलं, कारण कॅरलला मराठी वाचता येत नाही. माझ्यामागे नोरा तिला वाचून दाखवेल. त्या वेळी मी नसेन. मूळ वही ह्या कागदांसोबत आहे. माझ्या मृत्यूनंतर ती क्लबला द्यावी आणि हमदुल्लाचं नाव धुऊन काढावं.

पुरवणी. वरचा मजकूर गुरुवार, ३० ऑक्टोबरला पुरा झाला. त्याच संध्याकाळी सह्या व्हायच्या होत्या. शेजारचे मुरलीधर वाघुळदे आणि त्यांच्या पत्नी प्रमिलावहिनी साक्षीला आले. साक्षीदाराने आतलं वाचायची गरज नसते, पण मुरलीधररावांनी जन्मभर ऑडिट केलेलं. न वाचता ते भाजीच्या बिलावरसुद्धा सही करत नाहीत. वाचलं. कलम सहा दोनदा वाचलं. पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

"व्हिन्सेंटराव, मी सही करत नाही."

"का हो? काही चुकलंय?"

"हे पोरीला कोण वाचून दाखवणार?"

"नोरा. लिहिलंय की."

"म्हणजे तुम्ही सुटणार आणि वहिनी अडकणार. आणि तो पठाण? तो तुमच्याच वयाचा. तुमच्याआधी गेला तर?"

मी म्हटलं, मला धीर होत नाही. प्रमिलावहिनी एरवी माझ्याशी कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "अहो, मरणाच्या पदराआड लपायला मृत्युपत्र असतं होय? जिवंत आहात तोवर बोला की!"

नोरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. माझ्या हातातून कागद घेतले, उभ्याउभ्या वाचले आणि माझ्यासमोर ठेवले. म्हणाली, "मी नाही वाचणार हे तिला. मेले तरी नाही." मग आत गेली आणि रात्रभर बाहेर आली नाही.

शुक्रवारी मी टॅक्सी करून तहसीनकडे गेलो आणि दुकानात, स्टुलावर बसून, त्याला सगळं सांगितलं. तो टायर काढत होता, तो काढतच राहिला. मग हात पुसले, काकाचा नंबर एका पावतीच्या पाठी लिहिला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. चचा म्हणाला नाही. चहाही विचारला नाही. पठाणाच्या दुकानातून बिनचहाचा मी पहिल्यांदा परतलो. गेज त्यालाच द्यावेत, त्याने घेतले तर.

शनिवारी सकाळी मी कॅरलला टेबलाशी बसवलं आणि कलम सहा वाचलं. कठीण शब्दाशी थांबून इंग्रजीत सांगत होतो. अर्धा तास लागला. ती मध्ये एकदाच बोलली.

"द प्रायमर्स वेअर फ्लॅट? यू सॉ दॅट?"

"हो. तीन."

तिने मान हलवली. नेमबाजच ती, तिला आणखी काही विचारायची गरज नव्हती. मी शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं होतं ती किंचाळेल, कप फेकेल. डोळ्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "सिक्स इयर्स, पप्पा. यू लेट मी हेट हिम." मग फोन माझ्यापुढे सरकवला, "कॉल हिम. नाउ."

लावला. सातव्या रिंगला उचलला. मी नाव सांगितलं, तर तिकडून एकदम मोठ्याने, "अरे, व्हिन्सेंट भाई! बच्चा कैसा है?" कॅरलने फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडे बघत बसली. मी सांगितलं. नवा डबा, दहा आकडे, चपट्या टोप्या, वही. हिंदीत, एकही गोष्ट न गाळता.

"तो... मेरे हाथ से नहीं हुआ?"

"नहीं, हमदुल्ला."

"धूप से नहीं?"

"नहीं. मेरे हाथ से."

"एक दफ़ा फिर बोलो."

मी पुन्हा बोललो. तो म्हणाला, ठहरो, आणि कोणाला तरी हाक मारली. "घरवाली है. इसको बोलो." मी त्याच्या बायकोला सांगितलं. तिला हिंदी नीट कळत नव्हती, तो एकेक वाक्य पश्तोत सांगत होता. सांगता सांगता त्याला रडू कोसळलं. एवढा दांडगा माणूस, लहान पोरासारखा रडत होता. बायकोच मग तुटक्या हिंदीत म्हणाली, ये छह साल हर जुमेरात रोज़ा रखता है, उस लड़की की आंख के वास्ते. इसको नींद नहीं आता.

मला ह्याची कल्पना नव्हती. खरं सांगतो. मला वाटत होतं तो मला ओळखून असेल, मनात शिव्या देत असेल. मी त्याची नोकरी घेतली एवढंच माझ्या हिशेबी होतं. त्याने सहा वर्षं स्वतःला गुन्हेगार मानलं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी माफी मागितली. तो म्हणाला, "फ़ोन बच्चा को दो."

कॅरल फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि तिने काचेचं दार ओढून घेतलं. पाऊण तास बोलत होती. मला फक्त तिची पाठ दिसत होती. नोरा येऊन माझ्याशेजारी बसली, पण माझा हात तिने धरला नाही.

सोमवारी मी वही आणि इंग्रजी निवेदन क्लबमध्ये नेऊन दिलं. नवा मॅनेजर म्हणाला, "हबीबी, ओल्ड मॅटर. व्हाय नाउ?" पोच दिल्याशिवाय मी खुर्चीतून उठलो नाही. शिक्का मारलेली प्रत तहसीनमार्फत मर्दानला रवाना झाली. म्हणून कलम सहामधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी रद्द करत आहे. ते निवेदन आजपासून, मी जिवंत असताना लागू आहे.

कलम ७. शेवटचं. त्या शनिवारला आज आठ दिवस झाले. कॅरल माझ्याशी बोलत नाही. माझी औषधं वेळेवर काढून ठेवते, उशी सारखी करते, पाण्याचा ग्लास माझ्या हाताशी आणून ठेवते, सगळं न बोलता. हमदुल्लाशी रोज फोनवर बोलते, मोडक्या हिंदीत. डिसेंबरात त्याच्या गावी जायच्या व्हिसाची चौकशी करते आहे, असं नोराकडून कळलं. भारतीय पासपोर्टवर ते सोपं नाही, तरी करते आहे. डिसेंबरात मी असेन की नाही हे तिलाही माहीत आहे.

म्हणून स्पष्ट लिहून ठेवतो. कॅरलला जे दिलं आहे ते दिलं आहे. ती माझ्याशी बोलली किंवा न बोलली, माझ्या मातीला आली किंवा मर्दानला गेली, तरी त्यात एका विटेचाही फरक पडणार नाही. आणि माझ्यामागे कोणीही, फादरने नाही, व्हिवियनने नाही, नोरा, तूसुद्धा नाही, बापाला माफ कर असं माझ्या मुलीला सांगायचं नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे माझी सही आहे.

ठिकाण: शारजा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: व्हिन्सेंट बस्त्याव तुस्कानो

व्हिन्सेंट तुस्कानो यांनी आम्हां दोघांच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष साक्ष घातली. साक्षीदार म्हणून आम्हांला ह्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: मुरलीधर दामोदर वाघुळदे, मूळ राहणार भुसावळ. संपूर्ण वाचून सही केली.

साक्षीदार २: प्रमिला मुरलीधर वाघुळदे.